वाड्याचा इतिहास कसा लिहावा : इनाम, भाऊबंदकी आणि झाकून ठेवलेली प्रकरणे

महाराष्ट्रातील अनेक इनामदार, देशमुख, देशपांडे आणि खोत घराण्यांचे कुलवृत्तांत छापले गेले आहेत आणि त्यांची मांडणी बहुधा सारखीच असते. मूळ पुरुष कोण, त्याला कोणत्या कामगिरीबद्दल सनद मिळाली, वाडा कोणी बांधला, देवीचा उत्सव कसा सुरू झाला, हे सारे तपशिलाने येते. मग वंशावळीची पाने येतात. आणि एकोणिसाव्या शतकाचा मध्य ओलांडला की लेखणी अडखळू लागते. ‘पुढे काळ बदलला आणि घराण्याचे वैभव ओसरले’ एवढ्या एका वाक्यात शंभर-सव्वाशे वर्षे उरकली जातात. दत्तकाचे वाद, भावाभावांतील दावे, सावकाराकडे गहाण पडलेला मळा, कायमची माहेरी धाडलेली सून आणि कूळकायद्यात गेलेली जमीन, हे सगळे त्या एका वाक्याखाली दडपलेले असते. ज्यांना आपल्या किंवा आपल्या गावातील एखाद्या घराण्याचा नेमका हाच काळ प्रामाणिकपणे लिहायचा आहे, त्यांच्यासाठी पुढील मार्गदर्शन आहे.

या कामात एक गोष्ट मी सर्वांत महत्त्वाची मानतो. वाड्यातील बहुतेक प्रकरणे, मग ती बाहेरून चारित्र्याची दिसोत, मानापमानाची दिसोत किंवा रागालोभाची, अखेर जमिनीपाशी येऊन थांबतात. कोणाच्या नावावर किती जमीन, ती कोणाकडून कोणाकडे आणि कोणत्या वर्षी गेली, हे आधी नक्की केले तर ऐकीव हकिगतींपैकी कोणती खरी, कोणती सोयीची आणि कोणती पूर्णपणे उलटी सांगितलेली, हे पुष्कळसे आपोआप उघड होते. म्हणून सुरुवात नातेवाइकांच्या मुलाखतींनी करू नये. सुरुवात तलाठी कार्यालयापासून करावी.

जमिनीचा ताळेबंद आधी

घराण्याकडे पूर्वी असलेल्या प्रत्येक गटाचा किंवा सर्व्हे नंबरचा सात-बारा, आठ-अ (खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा) आणि सर्व जुने फेरफार, म्हणजे मालकी बदलाच्या नोंदी, मिळवावेत. सात-बारावर जे फेरफार क्रमांक लिहिलेले असतात ते एकेक करून मागे मागे उलगडत जायचे असतात. अनेक जिल्ह्यांतील जुने फेरफार आता ‘आपले अभिलेख’ या शासकीय संकेतस्थळावर प्रतिमारूपात मिळतात. तेथे न मिळालेले तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करून पाहावे लागतात. जुनी पाने मोडी लिपीत असतील तर वाचून घेण्याची तयारी ठेवावी. इनामी जमिनींसाठी गाव नमुना तीन, म्हणजे दुमाला जमिनींची नोंदवही, अवश्य मागावी, कारण कोणते इनाम जातीचे (म्हणजे व्यक्तीला दिलेले), कोणते देवस्थानाचे आणि कोणते चाकरीचे, हा फरक तेथे स्पष्ट असतो. कुटुंबाच्या तोंडी परंपरेत मात्र तिन्ही ‘आमची जमीन’ या एका शब्दात मिसळून गेलेली असतात. देवस्थानाच्या जमिनीवरून झालेले कितीतरी वाद या मिसळणीतून उद्भवले आहेत.

फेरफार वाचताना केवळ क्षेत्र आणि नाव टिपून पुढे जाऊ नये. वर्दी (बदलाची खबर) कोणी दिली, नोंद कोणत्या तारखेस धरली आणि कोणत्या तारखेस मंजूर झाली, कोणी हरकत घेतली काय, या तीन गोष्टी अधिक बोलक्या असतात. हरकत घेतली गेली असेल तर ती तक्रारी नोंदींच्या वहीत सापडते आणि तेथे बहुधा दोन्ही बाजूंचे जबाब थोडक्यात असतात. नावापुढील संक्षेपांकडे विशेष लक्ष द्यावे. ‘ए. कु. मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर आणि ‘अ. पा. क.’ म्हणजे अज्ञानाचा पालनकर्ता. समजा, एका फेरफारात थोरल्या भावाच्या मृत्यूनंतर त्याच्या सात वर्षांच्या मुलाचे नाव लागले आहे आणि ‘अ. पा. क.’ म्हणून धाकट्या काकांचे नाव आहे. अकरा वर्षांनी तो मुलगा सज्ञान होतो, परंतु पालनकर्त्याचे नाव कमी झाल्याची नोंद आणखी नऊ वर्षे सापडत नाही. आणि त्या मधल्या काळात बागायतीचा एक मोठा तुकडा गहाण पडला आहे. घरात सांगितले जाते ते असे की पुतण्या तापट होता, कोणाशी पटवून घेत नसे आणि एके दिवशी वाडा सोडून पुण्याला निघून गेला. त्याच्या तापटपणाचे कारण त्या नऊ वर्षांत आहे, आणि ते शोधणे हे आपले काम आहे.

ही सारी माहिती एका मोठ्या तक्त्यात मांडावी. आडव्या ओळीत वर्षे, उभ्या रकान्यात जमिनी, आणि प्रत्येक चौकटीत त्या वर्षीचा धारक. त्याच कागदावर घरातील जन्म, लग्ने, मृत्यू आणि दत्तकविधाने वेगळ्या शाईने लिहावीत. गाव नमुना चौदा, ज्याला कोतवाल बुक म्हणतात, त्यात जुन्या जन्ममृत्यूंच्या नोंदी मिळतात आणि कुलवृत्तांतातील तारखांपेक्षा त्या अधिक भरवशाच्या असतात. हा तक्ता पूर्ण झाला की कोणत्या वर्षांभोवती गर्दी झाली आहे ते नजरेस येते, आणि पुढील सर्व शोध त्या वर्षांवर केंद्रित करता येतो.

कोणत्या कायद्याने काय गेले

घराण्याच्या ऱ्हासाचे खापर वंशजांच्या तोंडी एकतर कूळकायद्यावर फुटते किंवा एखाद्या उधळ्या पूर्वजावर. वस्तुस्थिती अधिक गुंतागुंतीची असते, म्हणून कायद्यांचा क्रम डोक्यात पक्का असावा. जुन्या मुंबई इलाख्यात १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला इनामांची चौकशी करण्याचे अधिकार मिळाले आणि ज्यांना आपला हक्क कागदोपत्री सिद्ध करता आला नाही अशा अनेकांची इनामे खालसा झाली. १८६३ च्या कायद्यांनी ठरावीक जुडी, म्हणजे सवलतीचा सारा, भरण्याच्या अटीवर उरलेली इनामे कायम करून नव्या सनदा दिल्या. पुष्कळ घरांत जी ‘पेशव्यांची सनद’ म्हणून चौकटीत लावलेली असते ती वास्तविक या काळातील इंग्रजी अमलाची सनद असते. तिच्यावरील भाषा आणि शिक्का नीट पाहून घ्यावा. १८७४ च्या वतन कायद्याने देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी यांच्या वतनांना नियमांच्या चौकटीत बसवले आणि वतनी जमीन वतनदार घराण्याबाहेर जाण्यावर बंधने घातली.

स्वातंत्र्यानंतरचे कायदे एकापाठोपाठ एक आले. कोकणातील खोती १९४९ च्या कायद्याने, परगणा व कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने, वैयक्तिक इनामे १९५२ च्या कायद्याने आणि महसुली पाटीलकी १९६२ च्या कायद्याने संपुष्टात आली. मराठवाड्यातील घराण्यांचा अभ्यास करणाऱ्याने मुंबईचे कायदे बाजूला ठेवावेत. तेथे निजामाच्या अमलातील जहागिऱ्या १९४९ मध्ये रद्द झाल्या आणि कुळांसाठी हैदराबादचा १९५० चा कायदा लागू होता. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा (आजचे चंद्रपूर) या भागांत मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा भरणाऱ्या जमीनदारांची पद्धत, होती, ती १९५० च्या मध्य प्रदेशच्या कायद्याने गेली, आणि विदर्भाचा कूळकायदा १९५८ चा आहे. हा भेद न पाळल्यामुळे चांगल्या कुलवृत्तांतांतसुद्धा तारखांचा गोंधळ झालेला दिसतो.

सर्वांत अधिक वेळ द्यावा तो १९४८ च्या मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन कायद्याला आणि त्याच्या १९५६ च्या दुरुस्तीला. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवशी कसणारे कूळ कायद्याने जमिनीचा खरेदीदार मानले गेले. त्यापूर्वी मालकाला स्वतः कसण्यासाठी जमीन परत हवी असेल तर ३१ डिसेंबर १९५६ पर्यंत कुळाला नोटीस द्यायची होती आणि ३१ मार्च १९५७ पर्यंत अर्ज करायचा होता. त्यामुळे १९५५ ते १९५७ ही तीन वर्षे वाड्यांच्या इतिहासात विलक्षण धावपळीची आहेत. घाईने केलेली वाटणीपत्रे, कुळांकडून घेतलेले राजीनामे (कूळहक्क सोडल्याचे कागद), शहरातील मुलांना ‘शेती कसायला’ परत बोलावल्याच्या कहाण्या, हे सर्व याच काळात सापडते. पुढे कलम ३२-ग खाली प्रत्येक जमिनीची किंमत ठरवण्याची चौकशी झाली आणि पैसे भरल्यावर कुळाला ३२-म चे प्रमाणपत्र मिळाले. साधारण कुळाच्या बाबतीत किंमत आकाराच्या, म्हणजे सरकारी शेतसाऱ्याच्या, २० ते २०० पट या मर्यादेत ठरे आणि ती हप्त्यांनी भरता येई. ३२-ग च्या चौकशीची कागदपत्रे ही या संपूर्ण शोधातील सोन्याची खाण आहे, कारण मालक आणि कूळ या दोघांचे जबाब एकाच फायलीत शेजारी शेजारी असतात.

या कायद्यात एक तरतूद अशी होती की मालक विधवा, अज्ञान किंवा शरीराने अथवा मनाने अपंग असल्यास कुळाचा खरेदीचा हक्क लांबणीवर पडे. एरवी वाटणीच्या कागदात जिचे नावही कधी आले नसते अशी घरातील विधवा काकू एकाएकी चाळीस एकरांची मालकीण झालेली दिसली, तर हे कारण प्रथम तपासावे. हा केवळ कागदी व्यवहार म्हणून उरकला गेला, परंतु कागदावर आलेला हक्क त्या बाईंनी खरा मानला आणि त्याप्रमाणे वागल्या, तर घरात जे वादळ उठले असेल त्याची स्मृती ‘काकूंनी घराण्याचा घात केला’ अशा शब्दांत टिकलेली असते. लेखकाने त्या शब्दांवर थांबू नये. हाच प्रकार पुढे कमाल जमीनधारणा कायद्याच्या वेळी झाला. तो कायदा १९६१ चा. १९७५ मध्ये मर्यादा आणखी खाली आल्या आणि २६ सप्टेंबर १९७० नंतरची हस्तांतरणे संशयाने तपासली गेली. त्या सुमारास कोणाच्या नावे जमिनी केल्या, हे फेरफारात पाहावे. जुने कारभारी, दूरचे मेहुणे, नोकर अशी नावे दिसली तर त्यांच्या घरी जाऊन त्यांची बाजू ऐकावी.

वाड्यातील कागद

कागद कोठे असतील याचा नेम नसतो. माडीवरील लाकडी पेट्यांत, देवघराच्या कोनाड्यात, दिवाणजींच्या बैठकीच्या फडताळात, बळदात (धान्य साठवण्याच्या भिंतीतील जागेत), आणि पुष्कळदा वाडा सोडून गेलेल्या शाखेच्या शहरातील सदनिकेत. रुमाल, म्हणजे कागदांचे कापडी गाठोडे, सोडण्यापूर्वी तो आहे तसा छायाचित्रात घ्यावा आणि कागदांचा क्रम बदलू नये, कारण कोणता कागद कोणत्या कागदाशेजारी बांधला गेला होता हीसुद्धा माहिती असते. प्लास्टिकच्या पिशव्या वापरू नयेत, चिकटपट्टी लावू नये, आणि ओल आलेले कागद उन्हात न टाकता सावलीत मोकळ्या हवेत सुटे ठेवावेत.

मोडी येत नसेल तर शिकावी, असे मी आग्रहाने सांगेन. छापील मोडी वाचायला थोड्या महिन्यांत जमते, हस्ताक्षराला अधिक सराव लागतो. पण स्वतःला जुजबी का होईना वाचता आले म्हणजे कोणता कागद जाणकाराकडे न्यायचा आणि कोणता बाजूला ठेवायचा हे ठरवता येते. तारखांच्या बाबतीत सावध राहावे. शकात चैत्रापासून पौषाच्या मध्यापर्यंत ७८ आणि त्यापुढे ७९ मिळवले की इसवी सन येतो. मराठेशाहीच्या कागदांतला सुहूर सन अरबी संख्यानामांत लिहिलेला असतो आणि एकम स्थानापासून उलटा वाचायचा असतो. ‘इसन्ने सलासीन मया व अलफ’ म्हणजे दोन, तीस, शंभर आणि हजार, अर्थात ११३२. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात आणि सन मृग नक्षत्राला बदलतो, म्हणून हा कागद १७३१-३२ चा ठरतो.

माणसांची ओळख पटवणे हे त्याहून अवघड असते. कागदात आबासाहेब, बापूसाहेब, तात्या, धाकले सरकार, वहिनीसाहेब, आक्कासाहेब अशी नावे येतात आणि तीच टोपणनावे तीन पिढ्यांत फिरतात. प्रत्येक टोपणनावापुढे काळ आणि खरे नाव यांची यादी करत राहावी. सासरी नाव बदललेल्या स्त्रियांची माहेरची नावे व गावे शोधावीत. माहेरच्या घरातील पत्रव्यवहारात सासरच्या घराची अशी हकिगत मिळते जी सासरच्या दप्तरात कधीच ठेवली गेली नसती.

सनदांपेक्षा रोजकीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही) आणि खतावणी (खातेवार हिशेबाची वही) अधिक मोलाची आहे. सनद एका दिवसाची असते, रोजकीर्द रोजची. देवघर, कोठी, मुदपाकखाना, पागा, चाकरमाणसे अशी खर्चाची सदरे पाहत जावी आणि ज्या खर्चाचे सदर स्पष्ट नाही त्यावर बोट ठेवावे. उदाहरणार्थ, ‘वाडीकडे, गुजारत हुजऱ्या, रुपये पंधरा’ अशा धर्तीची ओळ (गुजारत म्हणजे मार्फत, हुजऱ्या म्हणजे खासगी नोकर) दरमहा येत असेल, वाडीत घराण्याची जमीन नसेल, आणि दिवाळीला त्याच सदरात एक लुगडे व लहान मुलाचे अंगरखे येत असतील, तर मालकाचे दुसरे घर होते असे अनुमान करण्यास जागा आहे. मात्र अनुमानाला अनुमानच म्हणावे. त्या ओळी किती वर्षे चालल्या, मालकाच्या मृत्यूनंतर बंद झाल्या की चालू राहिल्या, पुढे त्या वाडीतील एखाद्याने वारसाचा किंवा पोटगीचा दावा लावला काय, हे तपासावे. मालक गेल्याच्या पुढच्याच महिन्यात ती ओळ नाहीशी झाली असेल, तर त्या बाईचे आणि मुलाचे पुढे काय झाले हा प्रश्न घराण्याच्या इतिहासाचाच भाग आहे, आणि उत्तर मिळाले नाही तरी तो प्रश्न पुस्तकात छापला गेला पाहिजे.

घरचे कागद संपले की पुण्याच्या पुराभिलेखागारात जावे. पेशवे दप्तराबरोबर इनाम कमिशनपुढे आलेल्या कैफियती (लेखी निवेदने) तेथे आहेत आणि त्यांत घराण्यांनी स्वतःच्या वंशावळी व हक्क स्वतःच्या शब्दांत मांडलेले आहेत. दोन शाखांनी दिलेल्या दोन कैफियती ताडून पाहिल्या की भाऊबंदकी केव्हापासून मुरली आहे ते कळते. कोल्हापूर संस्थानाशी संबंध असलेल्यांनी कोल्हापूरचे पुराभिलेखागार पाहावे. १९१० मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात अनेक घराण्यांची दप्तरे जमा आहेत. आपल्याच घराण्याचा एखादा रुमाल तेथे आधीच पोचला असण्याची शक्यता असते.

दत्तक, विधवा आणि न्यायालय

ज्या प्रकरणाबद्दल घरात सर्वांत कमी बोलले जाते त्याबद्दल न्यायालयात सर्वांत अधिक लिहिले गेलेले असते. जिल्हा न्यायालयाच्या अभिलेख कक्षात जुन्या दिवाणी दाव्यांची पूर्ण फाईल मिळेलच असे नाही, कारण ठरावीक मुदतीनंतर कागद नष्ट केले जातात; हुकूमनामे मात्र बहुधा राहतात. अपील मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले असेल तर निकाल छापील निर्णयसंग्रहांत सापडण्याचा संभव असतो. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नावांच्या आणि मिळकतींच्या सूचीवरून वाटणीपत्र, गहाणखत, दत्तकपत्र, मृत्युपत्र यांचा शोध घेता येतो.

दत्तकाच्या प्रकरणांसाठी थोडी कायद्याची पार्श्वभूमी हवी. एकत्र कुटुंबातील निपुत्रिक विधवेला जुन्या हिंदू कायद्यात अन्नवस्त्र आणि राहण्याची जागा यांपलीकडे फारसे काही मिळत नसे. तिच्या हाती असलेला एकमेव प्रभावी हक्क म्हणजे दत्तक घेण्याचा. मुंबई इलाख्यात तिला त्यासाठी पतीच्या स्पष्ट आज्ञेची गरज नव्हती, आणि १९३० च्या दशकारंभी प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे त्या काळच्या लंडनमधील सर्वोच्च अपील न्यायालयाने, भाऊबंदांच्या संमतीशिवायही एकत्र कुटुंबातील विधवेचे दत्तक वैध ठरवले. शिवाय दत्तक मुलगा पतीच्या मृत्यूच्या दिवसापासून पुत्र मानला जाई. म्हणजे वीस-पंचवीस वर्षांपूर्वी वाटून घेतलेली जमीन एका दत्तकविधानाने पुन्हा वादात येऊ शकत असे. १९५६ च्या दत्तक कायद्याने हे थांबवले. या मधल्या काळातील एखाद्या उशिराच्या दत्तकाला घरात ‘सूड’ म्हटले जात असेल, तर त्या बाईंना त्याआधी किती वर्षे कोणत्या खोलीत आणि किती नेमणुकीवर (ठरवून दिलेल्या खर्चावर) ठेवले होते, हे रोजकीर्दीतून काढून त्या शब्दाशेजारी मांडावे.

पुण्याच्या ताई महाराज प्रकरणाचा अभ्यास या दृष्टीने प्रत्येकाने करावा. पहिल्या वर्गाचे सरदार बाबा महाराज पंडित ऑगस्ट १८९७ मध्ये कॉलऱ्याने वारले. मृत्युपत्राने त्यांनी लोकमान्य टिळक आणि इतरांकडे इस्टेटीची व्यवस्था सोपवली होती. पत्नी ताई महाराज त्या वेळी गरोदर होत्या. मुलगा झाला, पण तो थोडेच आठवडे जगला, आणि दत्तकाचा प्रश्न उभा राहिला. जून १९०१ मध्ये औरंगाबाद येथे जगन्नाथ या मुलाचे दत्तकविधान झाले असे टिळकांचे म्हणणे होते. ताई महाराजांनी ते नाकारले आणि त्याच वर्षी कोल्हापुरात बाळा महाराजांना दत्तक घेतले. टिळकांवर फौजदारी खटला भरला गेला, १९०३ मध्ये त्यांना शिक्षा झाली, ती मार्च १९०४ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केली; दिवाणी दाव्यात १९१० मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल टिळकांविरुद्ध गेला आणि १९१५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो फिरवून जगन्नाथाचे दत्तक वैध ठरवले. ताई महाराज या शेवटच्या निकालाच्या पुष्कळ आधी वारल्या होत्या.

टिळकांच्या चरित्रांत हे प्रकरण सरकारने केलेल्या छळाचा अध्याय म्हणून येते, आणि त्या बाजूने ते खरेच तसे आहे. परंतु घराण्याचा इतिहास लिहिणाऱ्याने त्याच कागदांना दुसरे प्रश्न विचारावेत. इस्टेटीवर कर्ज होते; ते फेडण्यासाठी विश्वस्तांनी खर्च आवळला, तेव्हा वाड्यातील कोणाचा खर्च आवळला गेला? मिळकतीचा काही भाग कोल्हापूर संस्थानात होता. त्यामुळे कोणते दत्तक कोणाला सोयीचे होते? ताई महाराजांभोवती सल्ला देणारे कोण होते आणि त्यांना काय मिळणार होते? आणि स्वतः ताई महाराजांचे शब्द किती ठिकाणी थेट नोंदले आहेत, किती ठिकाणी ते वकिलांच्या अर्जातून आलेले आहेत? चौदा वर्षे चाललेल्या आणि इंग्लंडपर्यंत गेलेल्या वादात जिच्या नावाने प्रकरण ओळखले जाते तिचा आवाज शोधताना किती सायास पडतात, हे या उदाहरणातून चांगले समजते. आपल्या घराण्यातील लहानशा दाव्यालाही हेच चार प्रश्न लावावेत.

वाड्याबाहेरची साक्ष

जमिनीचा तक्ता आणि कागद हाती आल्यावरच मुलाखतींना सुरुवात करावी, आणि पहिल्या मुलाखती वंशजांच्या घेऊ नयेत. कुळांच्या वस्तीत जावे, दिवाणजींच्या नातवंडांना भेटावे, पागेवरच्या, स्वयंपाकघरातल्या, देवडीवरच्या माणसांच्या मुलांना भेटावे. वाड्याच्या दिंडी दरवाजातून कोण आत येऊ शकत असे, कोण ढेलजेपर्यंत (दरवाजालगतच्या पडवीपर्यंत), कोण फक्त पायरीपर्यंत, हे ते अचूक सांगतात, आणि हा नकाशा वंशजांच्या आठवणीत बहुधा नसतो, कारण त्यांना तो कधी काढावाच लागला नाही. जुन्या दप्तरांत कुणबिणी आणि बटकी (गुलाम दासी) यांच्या खरेदीच्या, देणगीच्या नोंदी येतात; त्या वाचून दचकून त्या गाळणारे लेखक आहेत. त्या गाळू नयेत. वाडा ज्यांच्या श्रमावर उभा राहिला त्यांच्यापैकी काहींची नावे जगात फक्त त्याच कागदावर उरली आहेत.

प्रश्न विचारताना ‘साहेबांबद्दल काय वाटायचे?’ असे विचारले तर आदराचे ठरीव उत्तर येते. त्याऐवजी खंड, म्हणजे कुळाने मालकाला द्यायचा वाटा, किती होता, धान्यात की रोख, दुष्काळाच्या वर्षी सूट मिळाली काय, मोजणी वाड्यात व्हायची की खळ्यावर, माप कोण धरत असे, असे विचारावे. कृषक दिनाच्या सुमारास वाड्यातून कोण निरोप घेऊन आले, काय म्हणाले, राजीनाम्यावर अंगठा कोठे घेतला, हे विचारावे. मग ३२-ग च्या फायलीतील जबाब सोबत ठेवून दोन्ही ताडावेत. माणसे चुकीच्या तारखा सांगतात, पण कोणी कोणाला कोठे उभे केले हे सहसा विसरत नाहीत.

पश्चिम महाराष्ट्रातील ब्राह्मण घराण्यांबद्दल लिहिताना १९४८ चा प्रसंग टाळता येणार नाही. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाल्यानंतर सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत ब्राह्मणांची घरे आणि वाडे जाळले गेले. पुष्कळ कुटुंबे त्यानंतर गाव सोडून शहरांत गेली आणि दप्तरेही त्या आगीत गेली. हे लिहिताना आपल्या वाड्यावर कोण चालून आले याबरोबर कोणी आसरा दिला, कोणी दाणे राखून ठेवले, कोणी पुढे जमिनीचा खंड प्रामाणिकपणे पोचवला, हेही नोंदवावे. आणि त्या काळी गावात असलेल्या इतर समाजांच्या वृद्धांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत घ्यावे. जखम जुनी असली तरी हकिगत सांगणारा माणूस समोर बसलेला असतो, म्हणून मुलाखत मध्येच थांबवण्याचा त्याचा अधिकार पूर्णपणे मान्य करावा.

छापण्यापूर्वी

मसुदा तयार झाल्यावर तो घराण्याच्या सर्व शाखांना, विशेषतः जी शाखा दावा हरली तिला, वाचायला द्यावा. त्यांनी कागद दाखवून चूक काढली तर दुरुस्ती करावी. केवळ ‘हे नको’ म्हटले तर मजकूर ठेवून त्यांचे म्हणणे त्याखाली त्यांच्या नावाने किंवा नावाविना छापावे. हयात व्यक्तींच्या खासगी गोष्टी, विवाहबाह्य संबंधांतून झालेल्या मुलांच्या आजच्या वंशजांची नावे, आजार, आत्महत्या, यांबाबत संबंधितांची लेखी संमती असल्याशिवाय ओळख पटेल असे काहीही लिहू नये. जी हकिगत एकाच तोंडून आली आहे आणि जिला कागदाचा आधार नाही ती तशी स्पष्ट सांगून द्यावी. आणि एखाद्या पूर्वजाला उधळ्या किंवा एखाद्या पूर्वजेला कुलटा म्हणणारे पत्र सापडले तर ते उद्धृत करताना पत्र लिहिणाऱ्याचे त्या जमिनीशी काय नाते होते, हे त्याच परिच्छेदात सांगावे.

पुस्तकाच्या प्रती वंशजांना देतानाच त्या गावच्या वाचनालयाला, शाळेला आणि ज्या कुळांच्या जबाबांचा उपयोग केला त्यांच्या घरी नेऊन द्याव्यात. मूळ कागद घरात परत पेटीत घालू नयेत, कारण पुढील वाटणीत ते पुन्हा फाटतील. सर्व शाखांच्या सह्यांचे पत्र करून दप्तर पुराभिलेखागार किंवा संशोधन मंडळ यांसारख्या संस्थेकडे सोपवावे, त्याची सविस्तर यादी करून पोच घ्यावी, आणि जे थोडे कागद हयात माणसांना बाधतील त्यांचे वेगळे पाकीट करून ते कोणत्या वर्षानंतर उघडायचे, ते वर्ष पाकिटावर आणि यादीत दोन्हीकडे स्पष्ट लिहावे.